‘दहा मिनिटांचं काम’ म्हणणाऱ्या भाऊंना उत्तर

भाऊ, ‘विंडोज 11 ची घाई करू नका’ या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलं: ‘तुमच्यासारख्या दुकानदारांमुळेच गावं मागे राहतात. सपोर्ट संपलेल्या विंडोज 10 वर लोकांना बसवून ठेवता, त्यावरच बँकेची कामं होतात. रूफसने टीपीएमची अट काढून टाका, दहा मिनिटांचं काम आहे. नाहीतर लिनक्स टाका.’ (टीपीएम म्हणजे विंडोज 11 ला लागणारी सुरक्षेची सोय, रूफस म्हणजे विंडोज टाकायचा पेन ड्राइव्ह बनवणारं सॉफ्टवेअर, आणि लिनक्स म्हणजे विंडोजऐवजी चालणारी दुसरी सिस्टीम.)

मत वेगळं असू शकतं. पण ‘तुमच्यासारखे दुकानदार’ ही काय भाषा झाली? बारा वर्षं तालुक्याच्या गावात कॉम्प्युटर दुरुस्तीच करतो आहे. धंदाच बघायचा असता तर ‘घेऊन या, 11 टाकून देतो’ म्हणालो असतो, प्रत्येक मशीनमागे पैसे सुटले असते. थांबा म्हणून सांगण्यात माझा कोणता फायदा, तेवढं तुम्हीच सांगा.

एक चूक मान्य करतो. ‘विंडोज 10 बंद झालं’ असं मी लिहिलं होतं, ते बरोबर नाही. 14 ऑक्टोबर 2025 ला नेहमीचे मोफत अपडेट थांबले, मशीन चालूच राहते. वाक्य बदललं आहे.

आता तुमची दहा मिनिटं. हे वाक्य वाचून उद्या कोणीतरी सेवा केंद्रातलं मशीन पुसून बसेल, म्हणून त्यावरच बोलतो.

दहा मिनिटांत फार तर पेन ड्राइव्ह तयार होतो, तोही विंडोज 11 ची फाईल आधीच उतरलेली असेल तर. ती फाईल 5 जीबीच्या वर आहे. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर रोज दीड-दोन जीबीत काम भागवणाऱ्या माणसाला ती उतरवायलाच तीन-चार दिवस लागतात.

त्याच्या पुढचं बघा. 2 जीबी रॅमच्या जुन्या मशीनवर बहुतेक वेळा 32 बिटचं विंडोज 10 असतं. विंडोज 11 फक्त 64 बिटमध्ये येतं, आणि 32 वरून 64 वर अपग्रेड होतच नाही. सगळं कोरं करून नव्याने टाकावं लागतं. म्हणजे प्रिंटर, अंगठ्याचं मशीन, डिजिटल सहीचं टोकन, मराठी टायपिंगचं डोंगल, या सगळ्यांचे ड्रायव्हर, म्हणजे ती उपकरणं चालवणारी सॉफ्टवेअर, पुन्हा शोधा. 32 बिटचा ड्रायव्हर 64 बिटवर चढत नाही. जुन्या डोंगलचा 64 बिटचा ड्रायव्हर नसेल तर ते डोंगल गेलंच म्हणायचं. फॉन्टची फोल्डर आधी कॉपी केली नसेल तर जुना ठराव उघडल्यावर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि कंसांचा चिवडा दिसतो. ग्रामसेवक समोर बसलेला असताना तो चिवडा तुम्ही निस्तरणार काय?

मशीन 64 बिटचं असेल तरी आधी रनमध्ये एमएसइन्फो32 (msinfo32) टाकून ‘बायोस मोड’ बघा. तिथे ‘लेगसी’ (जुनी पद्धत) असेल तर विंडोज 11 च्या अटीतलं सिक्युअर बूट चालू करता येत नाही. त्यासाठी डिस्कची मांडणी जुन्या एमबीआरवरून नव्या जीपीटीवर न्यावी लागते आणि मग बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, यूईएफआय ही सुरू होण्याची नवी पद्धत चालू करावी लागते. ही बदली चालू असताना लाईन गेली तर मशीन सुरूच न होण्याचा धोका असतो. आपल्याकडे लाईन किती वेळा जाते ते तुम्हाला माहीत नाही असं नाही. म्हणून आधी सगळा डेटा बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि यूपीएसचा प्लग काढून बॅटरी खरंच टिकते का ते बघा.

आणि ज्यांची मशीनं इंटेलच्या 8व्या पिढीची किंवा पुढची आहेत, त्यांना बहुतेक वेळा रूफसने अट काढायची गरजच नसते. टीपीएम आतच असतं, नुसतं बंद असतं. बायोसमध्ये इंटेलला पीटीटी आणि एएमडीला एफटीपीएम या नावाने ते सापडतं, चालू केलं की झालं. बिटलॉकर (डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची सोय) लावलेलं असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून ठेवा.

अट काढून टाकलेल्या मशीनला वर्षातून एकदा येणारी नवी आवृत्ती आपोआप येत नाही, दरवेळी हाच खटाटोप पुन्हा करावा लागतो. कोअर 2 ड्युओ या जुन्या प्रोसेसरवर तर तेही नाही. विंडोज 11 च्या 24एच2 आवृत्तीपासून प्रोसेसरमध्ये एसएसई 4.2 आणि पॉपसीएनटी या सोयी लागतात, त्या त्यात नाहीत. म्हणजे आधीच्या 23एच2 वर अडकलात, आणि होम-प्रोसाठी त्याचे अपडेट 11 नोव्हेंबर 2025 ला संपले. विंडोज 10 नंतर चारच आठवड्यांनी! सुरक्षेसाठी म्हणून सुचवलेला तुमचा उपाय अशा मशीनला आहे त्याहून उघडं पाडतो.

बँकेच्या कामाचं म्हणाल तर त्याला रस्ता आहे. विंडोज 10 ची 22एच2 आवृत्ती असेल तर मायक्रोसॉफ्टचं खातं जोडून जादा सुरक्षा अपडेट 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत घेता येतात. सेटिंग्ज सिंक केल्या तर पैसे लागत नाहीत, एका खात्यावर 10 मशीनं बसतात. मूळ लेखात हे नव्हतं, आता घातलं आहे.

लिनक्सबद्दल इथे बोलत नाही. अंगठ्याच्या मशीनचा ड्रायव्हर त्यावर चालवून दाखवा, मग बोलू.

ज्यांची मशीनं अटीत बसतात त्यांनी 11 जरूर घ्यावं, फक्त जून-जुलैत नको. तेव्हा दाखल्यांची आणि पीक विम्याची रांग असते. 10 वरून थेट अपग्रेड केलं तर परत फिरायला 10 दिवस मिळतात. त्या दिवसांत विंडोज डॉट ओल्ड हे जुनं विंडोज जपून ठेवणारं फोल्डर डिस्क क्लीनअपने उडवू नका, आणि पहिल्याच दिवशी प्रिंटर, अंगठा आणि सही, तिन्ही चालवून बघा.