मेलेल्या राजाने दिलेली फाशी

मामांनी काल फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड टाकला आणि वर लिहिलं, ‘भाचेसुनेलाही दाखवा.’ माझी बायको वसईची, कॅथलिक. टोमणा कुणाला होता हे सगळ्यांना कळलं, म्हणून उत्तरही इथेच देतोय.

व्हॅलेंटाईन डेवरचा तो फॉरवर्ड म्हणतो: युरोपात लग्न हा प्रकारच नव्हता, माणसं जनावरांसारखी राहायची. व्हॅलेंटाईनने भारतीय संस्कृतीचं पाहून लोकांची लग्नं लावली, म्हणून राजा क्लॉडियसने १४ फेब्रुवारी ४७८ ला त्याला फाशी दिली.

मामा, कथेतला हा राजा म्हणजे रोमन सम्राट दुसरा क्लॉडियस, तो २७० सालीच साथीच्या रोगाने वारला. ४७८ मध्ये रोममध्ये सम्राटच उरला नव्हता; शेवटच्याला ४७६ मध्ये घरी बसवलं होतं.

आणि लग्न नव्हतं? इसवी सनापूर्वी १८ मध्ये रोमन सम्राट ऑगस्टसने लग्नाचा कायदा केला. बिनलग्नाच्या माणसाला परक्याच्या मृत्युपत्रातून काही मिळेना. रोमन नवरी डोक्यावरून केशरी-पिवळं वस्त्र घ्यायची, वधूवरांचे उजवे हात एकमेकांत द्यायचे. आपली नवरी माप ओलांडते. तिकडे तिला उचलून उंबरठा पार करवत. असल्या लोकांना जनावरं म्हणायचं, आणि तेही घरच्या सुनेला उद्देशून?

एक मान्य करतो. रोमन सैनिकांना नोकरीत असताना कायदेशीर लग्नाला बंदी होती. पण तीसुद्धा क्लॉडियसच्या सत्तरेक वर्षं आधी, सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसने उठवली.

फाशीचंही तेच. जुन्या कथेत व्हॅलेंटाईनचं डोकं उडवलंय. त्याआधी तो अ‍ॅस्टेरियस नावाच्या अधिकाऱ्याच्या आंधळ्या मुलीला दृष्टी देतो आणि सगळं घर बाप्तिस्मा घेतं. चोरून लावलेली लग्नं त्यात नाहीत. ही कथाही त्याच्यानंतर दोन-तीनशे वर्षांनी लिहिलेली, म्हणजे मीही ती शपथेवर सांगणार नाही. प्रेमाशी त्याचा संबंध जोडला चौदाव्या शतकात इंग्रज कवी चॉसरने, तोही जोडीदार निवडणाऱ्या पाखरांवरून.

भक्कम पुरावा म्हणाल तर ३५४ सालचं रोमन पंचांग. पोप ज्युलियसने रोमच्या फ्लामिनिया रस्त्यावर, दुसऱ्या मैलापाशी बांधलेल्या चर्चला व्हॅलेंटाईनचं नाव आहे, एवढं त्यात मिळतं. त्यातल्याच हुतात्म्यांच्या यादीत मात्र तो नाही. कॅथलिक चर्चनेही १९६९ मध्ये त्याचा सण सार्वत्रिक कॅलेंडरमधून काढला. नाव आणि त्या रस्त्यावरचं दफन, यापलीकडे खात्रीचं काही हाती नाही म्हणून. चर्चच्या हुतात्म्यांच्या नोंदवहीत मात्र तो अजून आहे.

शेवटी भगतसिंगांना त्याच तारखेला फाशी झाली असंही चिकटवलंय. ती २३ मार्च १९३१ ला झाली, आणि हे मला शाळेत असताना तुम्हीच पाठ करून घेतलं होतं.