खातं स्वच्छतेचं

सन १९८९. घटनेच्या ६१व्या दुरुस्तीने मतदानाचं वय २१ वरून १८ वर आलं, हे गुरुजींनी सातवीला समजावलं आणि त्याच दमात शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक लावली. सिंधुदुर्ग जिल्हा तेव्हा अवघा आठ वर्षांचा, मी बारा वर्षांचा. राज्यकारभाराला जिल्ह्यापेक्षा मीच जाणता, असं माझं मत होतं.

मुख्यमंत्रिपदासाठी मी मतामागे सहा भाजलेल्या आठळ्या वाटल्या. समोर तिठ्यावरच्या दुकानदाराचा मुलगा, त्याच्याकडे लिमलेटच्या गोळ्या. तरी मी जिंकलो असतो. पण आठळ्यांचा प्रभाव दुपारच्या तासाला वर्गभर दरवळला आणि माझी मतं फुटली. मतपत्रिका म्हणजे वहीचं फाडलेलं पान. अक्षर सगळ्यांचं ओळखीचं, त्यामुळे गुप्त मतदान फक्त गुरुजींच्या तोंडी. सख्ख्या चुलतभावाने लिमलेट चघळत मला पाडल्याचं मला जागच्या जागी कळलं.

पडलेल्याला स्वच्छता खातं मिळालं. खात्याची मालमत्ता: हिरांचे दोन खराटे, पैकी एकाला टक्कल.

कोकणातला आषाढ ज्याने पाहिलाय त्याला पुढचं सांगायला नको. तांबडा चिखल तुडवत आलेली बेचाळीस पोरं, म्हणजे चौऱ्याऐंशी पाय, आणि एकच व्हरांडा. मी मागून पुसत जायचो, पुढून अख्खी पहिली आत शिरायची. वर कौलं गळायची, ती कुठल्या खात्यात येतात ते कोणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून माझ्याच. मुतारीसाठी विहिरीवरून कळशा आणायच्या त्याही मीच. घरी ही बढती सांगितली तर आये म्हणाली, "मंत्री झालंस तो झालंस, गोठ्यातला शेण कोण काडतलो?"

श्रावणात तपासणीला साहेब आले. मुख्यमंत्री इस्त्रीच्या सदऱ्यात. मी खराट्यासकट.

"तुझं काम काय रे?"

"झाडायचं."

"आणि मुख्यमंत्र्याचं?"

"मी झाडतो की नाही ते बघायचं."

साहेब बराच वेळ हसले. मग शेरेबुकात लिहून गेले : मंत्रिमंडळ कार्यरत आहे.

दुसऱ्या दिवशी मी राजीनामा लिहून नेला. गुरुजींनी तो वाचला, ऱ्हस्व-दीर्घाच्या चार चुका लाल शाईने दाखवल्या आणि कागदाचा बोळा करून व्हरांड्यात टाकला.

"उचल," म्हणाले. "तुझंच खातं."