बल्गेरियाचं युद्ध नुसतं कागदावरचं नव्हतं

दुसऱ्या महायुद्धावरचा एक मजकूर सध्या बराच फिरतोय. म्हणे, बल्गेरियाने अमेरिका-ब्रिटनविरुद्ध युद्ध पुकारलं ते नुसतं कागदावर. सैन्य कुठेच लढलं नाही, आणि जे थोडे वैमानिक उडाले ते हिटलरच्या हातातली बाहुली.

आधी कागदाचं बघू. 13 डिसेंबर 1941 ला पंतप्रधान बोगदान फिलोव्हच्या सरकारने युद्ध जाहीर केलं, तेव्हा त्यांचाही हिशेब हाच होता: लंडन-वॉशिंग्टन लांब, आपल्याला कसली तोशीस! दीडेक वर्ष हा हिशेब चालला. मग 1 ऑगस्ट 1943 ला रुमानियातल्या प्लोएश्तीच्या तेल कारखान्यांवर बॉम्ब टाकून परतणारी अमेरिकी बी-24 विमानं बल्गेरियावरून निघाली आणि बल्गेरियन वैमानिक त्यांच्यावर तुटून पडले. दुहेरी पंखांची जुनी अविया विमानं मागे पडली. जर्मन बनावटीच्या मेसरश्मिट लढाऊ विमानातल्या स्तोयान स्तोयानोव्हने मात्र बॉम्बर पाडलं. 14 नोव्हेंबरला बॉम्ब थेट राजधानी सोफियावर पडले. 20 डिसेंबरला दिमितर स्पिसारेव्हस्कीचं मेसरश्मिट एका बी-24 वर आदळलं. त्यात तो गेला. धडक ठरवून दिली की चुकून बसली, यावर हवा तर वाद घाला. 10 जानेवारी 1944 च्या हल्ल्यानंतर तर लोक राजधानी सोडून खेड्यापाड्यांकडे पळाले. याला कागदी युद्ध म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

‘सैन्य लढलं नाही’ यात एवढंच खरं, की रशियाच्या आघाडीवर बल्गेरियाने फौज धाडली नाही. राजा बोरिस तिसरा शेवटपर्यंत बधला नाही. सोव्हिएत वकिलातही सोफियात सुरूच होती. पण युगोस्लाव्हियाचा वार्दार मॅसिडोनिया आणि ग्रीसचा थ्रेस दाबून बसलं होतं ते बल्गेरियाचंच सैन्य. मार्च 1943 मध्ये तिथल्या 11,000 हून अधिक ज्यूंना धरून जर्मनांच्या हवाली करणारे पोलीसही बल्गेरियनच. फिरत्या मजकुरात हे बरोब्बर गाळलंय.

राहता राहिली बाहुली. विमानं जर्मनीकडून आलेली, मान्य. पण आपल्याच राजधानीवर बॉम्ब टाकायला येणाऱ्याला अडवायला बर्लिनचा हुकूम कशाला लागतो? शिवाय 9 सप्टेंबर 1944 च्या सत्तापालटानंतर बल्गेरियाने बाजू बदलली, तेव्हा याच हवाई दलाने जर्मन बनावटीच्याच विमानांतून मॅसिडोनियातून माघार घेणाऱ्या जर्मन फौजांवर हल्ले चढवले. फिलोव्हला नव्या राजवटीने फेब्रुवारी 1945 मध्ये गोळ्या घातल्या. स्तोयानोव्ह मात्र हवाई दलातच राहिला.