गचका की थरथर

झटका, हिसका, हादरा, गचका, धक्का, थरथर असे शब्द मराठीत मुबलक असताना, त्यांतला नेमका कोणता आपल्या गाडीला लागू पडतो हे ठरवण्यात माझे साडेतीन आठवडे खर्ची पडले.

गाडी पेट्रोलवर चालणारी, चार सिलिंडरांची आणि चार गिअरांची जुनी ऑटोमॅटिक आहे. साताऱ्याला जाताना खंबाटकी घाट लागता लागता, वेग साठच्या आसपास असताना, आम्हा चौघांना कोणी सुपात घालून पाखडत असावे तशी ती थरथरू लागली. मी अ‍ॅक्सिलरेटर दाबला, गिअर खाली उतरला, इंजिन ओरडले आणि थरथर गायब झाली. समोर इंजिनाचा पिवळा दिवा उघडझाप करत होता. मागच्या सीटवरच्या मेहुण्याच्या अखंड बडबडीवर गाडीने दिलेला तो अभिप्राय असावा, असा मी सोयीस्कर अर्थ लावला. "दाजी, गिअरबॉक्स गेला," असे मेहुणा म्हणाला आणि पुढचे दोन किलोमीटर त्याने सुतकी मौन पाळले.

सर्व्हिस सेंटरमधल्या तरुणाने तक्रार विचारली, तेव्हा तीस वर्षे सरकारी टिपणे लिहिलेल्या मी मोठ्या ऐटीत सांगितले, "गिअर बदलताना गचके बसतात." त्या एका वाक्याने माझा घात केला. गचका म्हटल्यावर त्यांनी इंजिनाकडे ढुंकूनही पाहिले नाही. गिअरचे तेल बदलले, त्याने फरक पडला नाही, म्हणून गिअरबॉक्स उघडावा लागेल असे कळवले आणि जो अंदाजित खर्च सांगितला, तो गाडी विकून आलेल्या पैशांत जेमतेम भागला असता.

शेवटी गल्लीच्या टोकावरच्या गॅरेजमध्ये गेलो. तिथल्या मिस्त्रींनी बॉनेट उघडण्याआधी विचारले, "साहेब, गिअर पडताना एकदाच गचका बसतो, की गिअर पडून गेल्यावर थरथरते?" मला शब्दांत सांगता येईना, म्हणून पंक्चर काढायला थांबलेल्या दोन कॉलेजकन्यांच्या देखत मी खांदे हलवत, "फट्, भुर्र, फट्," असा प्रयोग करून दाखवला. मिस्त्री म्हणाले, "मिसिंग आहे, एखादा सिलिंडर मधूनच पेटत नाही. गिअरचे जुने तेल कसे निघाले होते?" ते लालभडक होते आणि त्याला जळका वास नव्हता, असे सांगताच त्यांनी गिअरबॉक्सचा विषयच बंद केला.

त्यांचे म्हणणे असे होते की वरच्या गिअरमध्ये, इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला पोहोचवणारा टॉर्क कन्व्हर्टर लॉक होतो, दोघांमधली तेलाची गादी निघून जाते आणि एका सिलिंडरची चुकलेली ठिणगी थेट आपल्या पाठीपर्यंत पोहोचते. इंजिन मिनिटाला १,५०० फेरे घेत असताना एकेका सिलिंडरमध्ये ७५० वेळा भडका उडायला हवा. त्यांतले थोडे चुकले तरी सुपाचा अनुभव येतो. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की लॉक सुटतो, गिअर उतरतो आणि चोर लपतो. दिवा उघडझाप करत असताना गाडी दामटणे हा तर शुद्ध अडाणीपणा होता, कारण न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धुरातले विष कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापवते.

स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावला, तर पी०३०२ हा कोड आला, म्हणजे दोन नंबरचा सिलिंडर. मिस्त्रींनी तिथली, प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी इग्निशन कॉईल काढून तीन नंबरला बसवली, तीनची दोनला लावली, कोड पुसला आणि मला जुन्या कात्रज घाटात पिटाळले. गाडी थरथरावी म्हणून मी त्या चढावर मनोभावे प्रार्थना केली, आणि ती फळली. परत आल्यावर कोड पी०३०३ होता. बदली झालेल्या कारकुनाबरोबर त्याची खोडही नव्या टेबलावर जाते, हे मी कार्यालयात अनेकदा पाहिले होते; कॉईलचेही तसेच असते, हे मला नवीन होते. दोन नंबरच्या प्लगच्या खळग्यात वरच्या झाकणाच्या सीलमधून पाझरलेले तेल साचले होते. त्यामुळे नवी कॉईल, चार प्लग आणि सील एवढ्यावर काम भागले.

एवढ्या स्वस्तात आजार बरा झालेला मेहुण्याला आवडलेले दिसले नाही. पुढच्या रविवारी सोसायटीच्या फाटकाबाहेर पडताच तो उसळून म्हणाला, "दाजी, बघा, आहेच की अजून!" मी विचारले, "गचका की थरथर?" तो लोणंद येईपर्यंत विचार करत होता. फाटकाबाहेर गतिरोधक आहे, हे मी त्याला अजून सांगितलेले नाही.