काकांनी पाठवलेल्या ईव्हीच्या फॉरवर्डला उत्तर

दर महिना-दोन महिन्यांनी आमच्या भावकीच्या ग्रुपवर तो मेसेज फिरून येतो. या वेळी काकांनी पाठवला, खाली ‘डोळे उघडणारी माहिती’ अशी स्वतःची ओळ जोडून. सार एवढंच: इलेक्ट्रिक गाडी घेणारा फसतो. बॅटरी 5 वर्षांत जाते आणि नवी 8 लाखांना पडते, घाटात गाडी बसते, पाण्यातून नेली तर शॉक लागतो, ट्रॅफिकमध्ये एसी लावला तर तीन तासांत चार्जिंग संपतं, गाडी उभ्या उभ्या पेटते, आणि वीज शेवटी कोळशाचीच. मी पुण्यात राहतो, अडीच वर्षं 30 युनिट वीज मावणाऱ्या बॅटरीची गाडी चालवतो, आणि वर्षातून चार-पाच वेळा तीच घेऊन चिपळूणला घरी जातो. तेव्हा नुसता अंगठा दाखवून गप्प न बसता उत्तर लिहितोय.

बॅटरीपासून सुरुवात. लिहिणाऱ्याच्या डोक्यात मोबाईलची बॅटरी आहे. मोबाईल आपण रोज शून्यापर्यंत पिळतो आणि रात्रभर शंभरवर ठेवतो. गाडीत तसं होत नाही. वरचा आणि खालचा थोडा भाग कंपनी राखून ठेवते, आणि बहुतेक नव्या गाड्यांत बॅटरी थंड ठेवायला वेगळी यंत्रणा असते. आपल्याकडच्या बहुतेक कारना बॅटरीची वॉरंटी 8 वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटर मिळते. 5 वर्षांत जाणाऱ्या वस्तूची 8 वर्षांची हमी कुठला धंदेवाला देईल? किंमतही उतरत आलीय. 2010 च्या सुमारास बॅटरीच्या एका युनिट क्षमतेला 1,000 डॉलरच्या वर मोजावे लागत. ब्लूमबर्गच्या 2024 च्या पाहणीत जगभरची सरासरी 115 डॉलर होती. सर्व्हिस सेंटरचा भाव याच्या बराच वर असतो, हे मान्य. पण गाडी घेताना विचारायचं ते वेगळंच. क्षमता किती टक्क्यांच्या खाली गेली की हमी लागू होते? गाडी विकली तर दुसऱ्या मालकाला ती मिळते का? हे दोन प्रश्न मी शोरूममध्ये विचारले तेव्हा समोरच्या मुलाने थोरल्या साहेबाला बोलावलं.

घाटाचा मुद्दा मला फार आवडतो, कारण तो उलटा आहे. खोपोलीहून खंडाळ्याला साधारण साडेपाचशे मीटर चढायचं असतं. माणसं आणि सामान धरून सतराशे किलोची गाडी तेवढी उचलायला शाळेतल्या भौतिकशास्त्राप्रमाणे अडीच युनिट लागतात, वाटेतली गळती धरून तीन म्हणा. सपाटीवरच्या खर्चाच्या वर हे तीन. तीसमधले तीन गेल्याने गाडी बसत नाही. चढाला इलेक्ट्रिक मोटर गिअर न बदलता, न रेकता ओढते. उतरताना त्यातले निम्मेतरी परत येतात, कारण वेग आवरताना मोटरच जनरेटर होऊन वीज बनवते. कुंभार्ली घाट उतरताना माझ्या पडद्यावर टक्के वाढलेले बघून मागे बसलेल्या आईने विचारलं होतं, ‘पेट्रोल कोण भरतंय रे?’

घाट नव्हे, अंतर त्रास देतं. कागदावर 312 किलोमीटर लिहिलेली गाडी एसी लावून, हायवेच्या वेगाने 200 ते 220 जाते. मेसेजमध्ये हे नाही, आणि शोरूमवालाही आपणहून सांगत नाही. चिपळूण मला सव्वादोनशेच्या आसपास पडतं, म्हणजे वाटेत एकदा थांबणं आलंच. साताऱ्याच्या आसपास चहा-मिसळ होईपर्यंत पाऊण तास चार्जिंग. एकदा आधीच दोन गाड्या रांगेत होत्या आणि मिसळीनंतर भजी, भज्यांनंतर पुन्हा चहा असं दीड तास बसलो. गणपतीच्या आदल्या दिवशी निघणाऱ्याने हे मनात धरूनच निघावं.

पाण्याचं. बॅटरीची पेटी सहसा आयपी 67 दर्जाची असते, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवली तरी आत पाणी जाऊ नये अशी चाचणी. विजेची गळती जाणवली की उच्च दाबाचा प्रवाह आपोआप तुटतो. 22 जुलै 2021 ला चिपळूण बुडालं तेव्हा आमच्या आळीत जेवढ्या गाड्या मेल्या त्या सगळ्या पेट्रोल-डिझेलच्या होत्या. इंजिनात पाणी गेल्यावर चावी फिरवली की इंजिन गेलंच. याचा अर्थ इलेक्ट्रिक गाडी म्हणजे होडी असा नाही. दोन दिवस गाळात बसलेली बॅटरी कोणीही छातीठोकपणे चालू करू नये, ती टो करूनच न्यावी.

ट्रॅफिकमध्ये उभ्या गाडीचा एसी तासाला एक ते दीड युनिट खातो. बॅटरी अर्धी असली तरी दहा तास. पुढे बोलण्यासारखं काही नाही.

आगीचं थोडं गंभीरपणे. 2022 च्या उन्हाळ्यात ई-स्कूटर पेटल्याचे व्हिडिओ खोटे नव्हते, त्यातला एक पुण्याचाच होता. त्याच जूनमध्ये वसईत इलेक्ट्रिक कारही पेटली आणि केंद्राने चौकशी लावली. त्यानंतर बॅटरीच्या सुरक्षेचे नियम कडक झाले, डिसेंबर 2022 आणि मार्च 2023 अशा दोन टप्प्यांत. लिथियमची आग विझायला अवघड असते आणि विझलेली पुन्हा भडकू शकते, हेही खरं. पण हायवेवर जळून काळी पडलेली पेट्रोलची गाडी आपण सगळ्यांनीच पाहिलीय. तिचा फॉरवर्ड होत नाही, कारण त्यात नवल राहिलेलं नाही.

कोळशाचा मुद्दा अर्धा खरा आहे. देशातली तीन चतुर्थांशाच्या आसपास वीज कोळशाची. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या हिशोबाने एका युनिटमागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड. गाडी 100 किलोमीटरला घरून 13 युनिट घेते, तारांमधली गळती धरून 15, म्हणजे सुमारे 11 किलो. लिटरला 15 किलोमीटर देणारी पेट्रोल गाडी तेवढ्याच अंतराला नुसतं जाळूनच 15 किलोच्या वर सोडते. फरक आहे, पण जाहिरातीतल्या हिरव्या पानाएवढा नाही, आणि बॅटरी बनवताना निघालेल्या कार्बनचं कर्ज आधी फेडावं लागतं. शिवाय माझ्या सिग्नलवरचा धूर नाहीसा झालेला नाही, तो चंद्रपूर-कोराडीच्या कोळशावरच्या वीजकेंद्रांकडे गेलाय. मेसेज लिहिणाऱ्याने हे लिहिलं असतं तर मी मान खाली घातली असती.

आता पैशांचं, ज्यावर मेसेज आणि शोरूम दोघेही घोळ घालतात. महिन्याला 1,000 किलोमीटर म्हणजे 130 युनिट. घरात आधीच 200 युनिट जळत असतील तर हे त्यांच्या डोक्यावर बसतात: 2024-25 च्या दराने 300 पर्यंत सगळे आकार धरून तेरा-चौदा रुपये, त्यापुढे अठराच्या वर. दोन हजारांच्या आत-बाहेर बिल वाढतं. ‘एक रुपयात किलोमीटर’ विसरा, दोन धरा. तरी पेट्रोलचे सात हजार होतात त्यापुढे हे बरंच. वेगळा मीटर घेतला तर ईव्हीचा स्वतंत्र दर लागतो आणि स्लॅबची शिडी टळते. पण रोज बाहेरच्या फास्ट चार्जरवर, युनिटला वीस रुपयांच्या आसपास देऊन जगायचं असेल तर महिन्याचा खर्च अडीच हजारांच्या वर जातो.

म्हणून रात्री गाडी कुठे उभी राहते, हा प्रश्न सगळ्यात आधी येतो, आणि तोच त्या मेसेजमध्ये नाही. आपल्या जोडणीवरून घरी चार्ज करायला केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांची मुभा आहे, पण सोसायटीच्या कमिटीला ते पटेपर्यंत माझ्या तीन बैठका गेल्या. ‘लोड वाढेल’ म्हणणाऱ्या सेक्रेटरींच्या घरी तीन एसी आहेत. गावी तर आणखी गंमत. पंधरा अँपिअरचा पॉइंट होता, पण अर्थिंग नावालाच, त्यामुळे चार्जर लाल दिवा दाखवून गप्प. वायरमनने अंगणात नवा खड्डा करून अर्थिंग घातलं तेव्हा गाडी वीज घ्यायला लागली.

हे सगळं ग्रुपवर टाकल्यावर काकांचा फोन आला. ‘मग घेऊ म्हणतोस?’ मी विचारलं, वर्षाला किती फिरता? मंडई, बँक, दवाखाना, दोनदा चिपळूण. तीन हजार किलोमीटरही होत नाहीत. इलेक्ट्रिकसाठी वरचे मोजावे लागणारे दोन-तीन लाख या फिरण्यात वसूल व्हायला पंधरा वर्षं लागतील. म्हटलं, काका, तुम्ही पेट्रोलचीच घ्या, सप्टेंबर 2025 पासून छोट्या गाड्यांचा जीएसटी 28 वरून 18 वर आलाय. ‘म्हणजे मेसेज बरोबरच होता की,’ म्हणाले, आणि फोन ठेवला.