आदेशार्थ सादर

स्वतःच्या पैशांनी विकत घेतलेल्या संगणकाचा मी केवळ सामान्य वापरकर्ता असून माझा 19 वर्षांचा भाचा त्याचा ॲडमिनिस्ट्रेटर आहे, ही गोष्ट मला गेल्या मंगळवारी, सोसायटीच्या वार्षिक सभेची सूचना टाइप करायला बसलो असताना कळली. मराठी टाइप करण्याचा एक छोटा प्रोग्रॅम बसवायला घेतला, तोच सारा स्क्रीन काळवंडला आणि मधोमध पिवळ्या पट्टीची चौकट उभी राहिली. या ॲपला तुमच्या संगणकात बदल करू द्यायचे आहेत काय? प्रकाशक: अज्ञात. खाली ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड. दिवाळीच्या सुट्टीत भाच्याने "मामा, तुझ्याच सुरक्षिततेसाठी" असे म्हणून जे काही केले होते, ते हे.

सूचनेचा मसुदा तपासण्यासाठी शेजारचे अण्णा माझ्यामागे खुर्ची टाकून बसले होते. अण्णा महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले आहेत.

"घाई करू नका," ते चष्मा चढवत म्हणाले. "परवानगी देणाऱ्याने आधी प्रकरण वाचावे. अर्जदार कोण?"

"टायपिंगचा प्रोग्रॅम."

"काय बदल करणार?"

"ते लिहिलेले नाही."

"म्हणजे एक अज्ञात इसम तुमच्या घरात बदल करू म्हणतो आणि कोणता ते सांगत नाही. अर्ज मोघम आहे. त्रुटी काढून परत पाठवा."

परत पाठवण्याची सोय नव्हती; 'होय' आणि 'नाही' अशी दोनच बटणे होती. हे अण्णांना पटेना. 34 वर्षांच्या सेवेत त्यांनी एकाही कागदावर होय किंवा नाही असे लिहिले नव्हते. 'आदेशार्थ सादर' एवढा शेरा मारून प्रत्येक फाइल वर पाठवली होती. ज्या यंत्रणेत हे तिसरे बटण नाही, ती नोकरीचा अनुभव नसलेल्या मुलांनी उभारली असणार, असे त्यांचे ठाम मत पडले.

मला हसू आले खरे. पण अर्जाबाबत अण्णांचे काय चुकले होते? ती चौकट प्रोग्रॅमचे नाव सांगते, प्रकाशक सांगते, आणि जे कळल्याशिवाय उत्तर देता येत नाही तेवढेच नेमके गाळते. उद्या काही बिघडले तर 'होय' मीच म्हटलेले असते. ही चौकट 2007 साली विंडोज व्हिस्टासोबत घरोघर आली आणि 2008 मध्ये मायक्रोसॉफ्टच्याच एका अधिकाऱ्याने सान फ्रान्सिस्कोच्या परिषदेत सांगून टाकले की ती लोकांना वैताग यावा म्हणूनच ठेवली होती. ऊठसूट सर्वाधिकार मागणारे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना वळण लागावे, हा हेतू. लेकी बोले सुने लागे, हे खरे. पण सून सुधारेपर्यंत लेकीने किती वर्षे बोलणी खावीत?

शेवटी पुण्याच्या वसतिगृहात भाच्याला फोन केला आणि हे विचारणेच कायमचे बंद करून टाक, असे दरडावले.

"बंद होते, मामा. सेटिंगमधली सरकपट्टी सगळ्यात खाली न्यायची. पण तुझे खाते साधे आहे. विचारणे बंद केले तर तुझी प्रत्येक विनंती न विचारताच नाकारली जाईल."

"मग मला ॲडमिनिस्ट्रेटर कर आणि बंद कर."

"मग कोणताही प्रोग्रॅम तुझ्या अधिकारात, तुला न कळवता, हवे ते करेल. तुला आलेले लग्नपत्रिकेचे ॲपसुद्धा."

ते ॲप मी मार्चमध्ये उघडले होते, हे त्याने अण्णांच्या देखत, स्पीकरवर सांगायला नको होते. मी निमूटपणे विचारणे चालू ठेवायला कबूल झालो. मग भाच्याने एकेक अक्षर करून पासवर्ड सांगितला, मी तो टाइप केला आणि अण्णांनी तो पुढील संदर्भासाठी म्हणून मसुद्याच्या समासात स्वच्छ अक्षरांत नोंदवला. मसुदा आपल्या दप्तरी ठेवण्यासाठी ते घेऊन गेले. हे कळताच भाचा रविवारी घरी आला, त्याने पासवर्ड बदलला आणि नवा मला सांगितला नाही.

काल वीज जाऊन आल्यावर संगणकाचे घड्याळ 20 मिनिटे मागे पडलेले दिसले. वेळ दुरुस्त करू गेलो तर पुन्हा तीच चौकट. भाचा परीक्षेला बसलेला होता. मी स्टुलावर चढून भिंतीवरचे घड्याळ 20 मिनिटे मागे केले.