वितळत नाही म्हणून आईस्क्रीम नकली?

उन्हाळा आला की एक मेसेज हमखास फिरतो: खरं आईस्क्रीम बशीत काढलं की लगेच पाणी होतं, जे तसंच उभं राहतं ते केमिकलचं. डब्यावरच्या घटकांत गम (मिश्रण दाट करणारा पदार्थ) दिसला तर विष समजा. लिंबू पिळून फेस आला तर आत वॉशिंग पावडर आहे. आणि हवा भरणं ही तर उघड लूट.

आधी वितळण्याचं बघू. बर्फ वितळणं वेगळं आणि गोळा ओघळणं वेगळं. आतला बर्फ वितळला तरी गोळा बराच वेळ उभा राहू शकतो, कारण घुसळताना दुधातले स्निग्धकण एकमेकांना अर्धवट चिकटून हवेच्या बुडबुड्यांभोवती जाळं विणतात. इमल्सिफायर (स्निग्धांश आणि पाणी यांचा मेळ घालणारा पदार्थ) याच कामाला मदत करतो, आणि अंड्याच्या बलकातलं लेसिथिनही तेच करतं. त्यात हवा उष्णता सहजी आत जाऊ देत नाही. तेव्हा दूध, साय, साखर आणि बलक एवढ्यावर केलेलं आईस्क्रीमही सावकाश ओघळू शकतं. वितळण्याच्या वेगावरून रचना कळते, भेसळ नाही.

गमची गंमत अशी, की नैसर्गिकतेचा कैवार घेणारा मेसेज बियांच्या पिठालाच विष म्हणतो. ग्वार गम गवारीच्या बियांचा, लोकस्ट बीन गम कॅरोब नावाच्या झाडाच्या बियांचा. वापर साधारण 0.1 ते 0.5 टक्के. जास्त पडला की आईस्क्रीम जिभेवर चिकट होतं, ही तक्रार मात्र रास्त.

गमचं खरं काम पाणी धरून ठेवायचं, आणि दर्जाची लढाई पाण्याशीच असते. बर्फाचे स्फटिक साधारण 50 मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या विसाव्या भागाच्या) पुढे गेले की जिभेला कचकच जाणवते. म्हणून मिश्रण 4 अंशांवर काही तास मुरवतात, उणे 5-6 अंशांना घुसळून बाहेर काढतात (तेव्हा निम्मंच पाणी गोठलेलं असतं) आणि लगेच उणे 30 च्या आसपासच्या थंडीत कडक करतात. इथे रेंगाळलात, तर सामान कितीही शुद्ध असो, माल खडबडीतच. ताज्या फळांचे तुकडे तसेच टाकले तर दातांखाली बर्फाचे खडे येतात; आधी गर आटवावा लागतो किंवा फळ साखरेत मुरवावं लागतं. घरी डबा वरचेवर बाहेर काढला तरी तेच: बारीक स्फटिक वितळतात, ते पाणी मोठ्यांवर गोठतं आणि चमचा कच्च वाजतो.

लिंबाचं थोडक्यात. कपड्यांच्या पावडरीतल्या सोड्याला आम्ल लागलं की फसफसतं, हे खरं. पण वितळत्या आईस्क्रीममधून हवा सुटतेच, तिचाही फेस दिसतो. लिंबाने दूध फाटतं ते वेगळंच.

राहिली हवा. ती नसेल तर चमचा शिरणार नाही असा दगड हाती येईल. मात्र आकारमान दुप्पट होईल इतकी हवा भरली, तर 1 लिटरच्या डब्यात जेमतेम 550 ग्रॅम आईस्क्रीम असतं. निम्मी भरली तर 700 च्या वर. मेसेजमधला राग इथे पटतो. डब्यावर लिटरबरोबर ग्रॅमही छापले असतील तर ग्रॅमला लिटरने भागा (आकडा जितका कमी, तितकी हवा जास्त), आणि स्निग्धांश दुधाचा आहे की वनस्पती तेलाचा तेही वाचा. लिंबू सरबताला ठेवा.